चार आण्याची बिस्मार्क, बारा आण्याचा मसाला

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका बिस्मार्क, तिचं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल किट. त्यातलं रेलिंग म्हणे! अर्धा मिलिमीटर जाडीची सलग प्लास्टिकची पट्टी. १/७०० च्या मापात ती खऱ्या जहाजावर ३५ सेंटीमीटर भरते, घराच्या भिंतीहून जाड. जहाज आहे की भुईकोट किल्ला? मुळापासून तासा आणि पितळेचं फोटोएच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेले बारीक भाग) लावा. ते बहुतेक वेळा किटहून महाग.

तोफा बघा. खऱ्या जहाजावर ३८ सेंटीमीटर तोंडाच्या आठ तोफा, आणि डब्यात निघतात आठ आगकाड्या. तोंडाला भोक नाही, दोन्ही अंगांना साच्याची शिवण. ती घासायला जावं तर नळी लंबगोल होते. उपाय मेडिकलच्या दुकानात मिळतो: २१ गेजची इंजेक्शनची सुई. बाहेरून ०.८ मिमी, आतून ०.५, आणि ३८ सेंटीमीटर भागिले ७०० म्हणजे ०.५४! निमुळती नसते, पण त्या काडीपेक्षा शंभरपट बरी. पक्कडीने मात्र तोडू नका, तोंड चेपतं. बोटाखाली फिरवत बारीक कानशीने गोल चर पाडा, मग मोडा. टोक आधी उडवा, नाहीतर रक्त काढेल.

खरी डोकेदुखी डेकची. हलच्या, म्हणजे जहाजाच्या खालच्या धडाच्या, दोन फाका बाहेर फाकलेल्या, डेक वरून ठेवला की कडेने ही एवढी फट. ट्यूबमधली पुट्टी वाळताना आकसते. पुन्हा भरा, पुन्हा घासा, आणि घासता घासता डेकच्या फळ्यांच्या रेघाच गायब! अहो, आधी हल टेपने आवळा, तीन-चार सेंटीमीटर चिकटवा, वाळू द्या, मगच पुढे सरका. उरलेल्या फटीत पांढरा फेविकॉल भरून ओल्या इअरबडने पुसा. फेविकॉलचे दोन हात लागतील, पण सँडपेपर लागणार नाही.

पोर्टहोल (जहाजाच्या गोल खिडक्या) इतके उथळ की प्रायमरच्या पहिल्याच हातात बुजतात. सुईने मध्य टोचा, ०.४ मिमीचं ड्रिल हाताने फिरवा. मोटर लावलीत तर प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं.

आणि डब्यावरचं चित्र! हूड या ब्रिटिश युद्धनौकेवर तोफा डागणारी बिस्मार्क, अंगावर ठळक काळे-पांढरे पट्टे. ते पट्टे तर नॉर्वेत २१ मे १९४१ लाच राखाडी रंगाने झाकले होते, हूड बुडालं २४ ला. तेव्हाची बिस्मार्क करायची असेल तर पट्ट्यांचे डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) सरळ फेकून द्या. तेवढीच एक संध्याकाळ वाचते.