ताप न आलेला माणूस

कोरोनाची लस घेऊन आलेल्या माणसाला त्या काळात "कसं वाटतंय?" असं कुणी विचारत नसे. "कितीपर्यंत गेला?" असा थेट प्रश्न यायचा. मेहुण्याचा १०२ पर्यंत गेला होता. आत्याचा १०१ वरच थांबला, पण हुडहुडी अशी भरली, की सगळी पांघरुणं घालूनही पलंग वाजत होता. शेजारच्या काकांचा ताप किरकोळ. ती कसर त्यांनी अंगदुखीत भरून काढली. बायकोचा दंड सुजला आणि वर काखेत गाठ आली. या गाठीला नातेवाइकांत फार मान मिळाला, कारण ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

मला काहीच झालं नाही.

लस टोचल्यावर थोडा वेळ तिथंच बसवून ठेवतात. तीव्र ॲलर्जी उठायची असेल तर बहुधा त्या अवधीतच उठते, म्हणून ही काळजी. प्रत्यक्षात खुर्च्यांवरचे आम्ही सगळे एकमेकांवर नजर ठेवून होतो. एक धिप्पाड तरुण, व्यायाम करून कमावलेला दंड, सुई दिसताच पांढराफटक पडला आणि अलगद आडवा झाला. नर्सबाईंनी त्याचे पाय उचलून उंचावर ठेवले. "अजून टोचलंसुद्धा नाही हो," त्या आम्हाला म्हणाल्या. घाबरल्यावर काहींचा रक्तदाब असा एकदम उतरतो, त्यात लशीचा हात नसतो. मला त्या तरुणाचा हेवा वाटला. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही तरी होतं.

घरी आल्यावर मी रीतसर आडवा झालो. उशाशी पाणी, पॅरासिटामॉल, थर्मामीटर. ऑफिसात दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकलेली. संध्याकाळी ९८.२. रात्री ९८.२. दंड दाबला की दुखायचा, पण कुणाचाही दंड तितका दाबला तर दुखेलच. सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा आवाज खोल नेऊन "कणकण आहे" म्हणावं लागलं.

"भाऊजी, तुम्हाला नुसतं पाणी टोचलं असणार," मेहुण्यानं निदान केलं.

हे मनाला लागलं म्हणून मी वाचायला बसलो, आणि आणखी खचलो. २०२२ मध्ये बारा लसचाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना लस नव्हे, तर बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं होतं, त्यांच्यापैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या. म्हणजे पाणी टोचलेल्यांनाही काही तरी होतं! माझ्या अंगाला तेवढंही जमू नये?

खरं तर हा ताप आपलंच शरीर आणतं. दंडात परकं काही शिरलंय हे ओळखून पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात; मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला निरोप पोचला, की तो तापमान चढवायचा हुकूम काढतो. माझ्या हायपोथॅलॅमसनं बहुधा ती फाइल 'पाहिली' असा शेरा मारून बाजूला ठेवली. डॉक्टर म्हणाले, ताप आला नाही तरी प्रतिपिंडं तयार होतात, काळजी नको. आत्या म्हणाली, "ते तोंडावर असंच सांगणार."

बायकोनं तर इतिहासच काढला. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरनं दूध काढणाऱ्या एका मुलीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. फोड गाईंच्या देवीचा, आणि बचाव करायचा होता माणसांच्या देवीपासून. आठवड्यानं त्या पोराच्या काखेत दुखू लागलं, मग जरा थंडी वाजली, भूक गेली, थोडं डोकं दुखलं. एक-दोन दिवसांत बरा झाला. "काखेत!" बायको म्हणाली, आणि तिची गाठ थेट वैद्यकाच्या इतिहासाला जाऊन मिळाली. पुढं १८०२ मध्ये जेम्स गिलरेनं एक व्यंगचित्र काढलं. लस घेतलेल्यांच्या दंडातून, तोंडातून चक्क गाई बाहेर पडताहेत. माझं मागणं त्या मानानं फारच माफक होतं. गाय नको, दोन डिग्री द्या.

आणि दुसऱ्या डोसच्या रात्री तो आला. आधी पाठीतून शिरशिरी, मग दात वाजायला लागले, हाडं कुणी सुटी करून पुन्हा घाईत बसवल्यासारखी. अंधारात चाचपडत थर्मामीटर लावला. १०१.४! मी बायकोला हलवून उठवलं. "गोळी घे आणि झोप," ती म्हणाली आणि कूस बदलली.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मेहुण्याला फोन लावला. त्याचा आवाज बसलेला होता. दोन्ही डोस घेऊनही त्याला सौम्य कोरोना झाला होता आणि तो खोलीत एकटा पडून होता. चौकशी झाल्यावर मी हळूच आकडा सांगितला.

"ते राहू द्या, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्हाला वास येतोय का? मला कालपासून कशाचाच येत नाही."

मी घाईघाईनं साबणाची वडी नाकाशी धरली. चांगला घमघमाट येत होता.