म्हणे बस रिकाम्या धावतात!

ठाण्यातल्या घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणणं असं: ‘बस रिकाम्या धावतात, पालिकेला तोट्यात घालतात, कोंडी वाढवतात. मेट्रो येतेय, इलेक्ट्रिक गाड्या आल्यात. ज्यांना गाडी परवडत नाही त्या मूठभरांसाठी बस कशाला? तो पैसा उड्डाणपुलांना द्या.’ पाठवणारी माणसं रोज अडकून वैतागलेली आहेत, हे मला कळतं. मीही अडकते. तरी यातलं बहुतेक चूक आहे.

सकाळी नऊला कासारवडवलीहून ठाणे स्टेशनकडे निघालेल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तीच बस उलट फेरीला मोकळी येते, कारण त्या वेळी सगळं गाव स्टेशनकडे निघालेलं असतं. गाडीच्या काचेतून दिसते ती ही परतीची बस. संध्याकाळी सातनंतर सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावर, उभं राहून घोडबंदरच्या बसची रांग एकदा बघा.

तोट्याचं म्हणाल, तर तिकिटाच्या पैशांत परिवहन सेवेचं भागत नाही आणि पालिकेला अनुदान द्यावं लागतं, हे खरं. पण रस्त्यावरच्या दिव्यांतून, गटारांतून पालिका काय कमावते? त्याला आपण तोटा म्हणत नाही, सोय म्हणतो.

आता कोंडी. बारा मीटर लांबीच्या एका बसमध्ये पन्नास माणसं धरा. तीच माणसं गाडीत दोघं-दोघं बसवली तर पंचवीस गाड्या झाल्या. एक गाडी चार मीटरची धरली, तर बंपरला बंपर लावूनही शंभर मीटर रस्ता गेला. आपल्याकडे तर कित्येक गाड्यांत एकटा चालकच असतो. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळला उड्डाणपूल झाले, तरी कोंडी आहेच. शिवाय याच रस्त्याने जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर धावतात. बस बंद करून त्यातला एकही कमी होणार नाही. इलेक्ट्रिक गाडीने धूर जाईल, पण जागा ती तेवढीच खाणार.

मेट्रो मलाही हवी आहे. पण वडाळा–कासारवडवली मार्ग कळव्यातून, मुंब्र्यातून किंवा किसननगरातून जात नाही. आणि ढोकाळी-कोलशेतच्या माणसाला घरापासून मेट्रो स्टेशन गाठायला बसच लागणार.

कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘बसला वेगळी मार्गिका ही श्रीमंत देशांची चैन.’ उलट आहे. ब्राझीलच्या कुरितिबाने ती 1974 मध्ये सुरू केली, कोलंबियाच्या बोगोटाने 2000 मध्ये, आपल्या अहमदाबादने 2009 मध्ये. सगळीकडे मेट्रोला लागणारा पैसा हाताशी नव्हता, म्हणूनच हा मार्ग निघाला. दिल्लीत तो फसला, 2016 मध्ये मार्गिका उखडावी लागली, हेही सांगायला हवं. म्हणजे करायचं तर नीट करावं लागतं. आपल्या 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही हेच आहे की वाहनं नाही, माणसं हलवायची.

मला सगळ्यात लागलं ते ‘मूठभर’. घरात एक गाडी असली तरी ती सकाळी एकजण घेऊन जातो. मागे राहिलेली सासू, शाळकरी मुलं, चष्म्याचा नंबर वाढल्याने गाडी सोडलेले आजोबा, आपल्याच टॉवरमध्ये तीन घरची कामं करून चौथ्या घरी निघालेल्या मावशी कशाने जातात? मावशींचा प्रवास एका सरळ रेषेत नसतो. बस नसेल तेव्हा प्रत्येक टप्प्याला शेअर रिक्षाचे पैसे मोजायचे, नाहीतर सर्व्हिस रोडवर उभ्या केलेल्या गाड्यांमधून वाट काढत चालायचं. पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा असावा, असा रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेचा दंडक आहे. आमच्या गल्लीत छत्री उघडून दोघी शेजारी चालू शकत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बस, स्टेशन सगळ्यांना वापरता येईल असं करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जुन्या उंच बसची फरशी जमिनीपासून साधारण 900 मिलिमीटरवर असते, लो-फ्लोअर बसची 400 वर. आईचे गुडघे गेल्यापासून मला हा फरक कळला. उंच बस आली की ती म्हणते, ‘तू जा, मी मागाहून येते,’ आणि घरी परतते. लो-फ्लोअर आली की माझा हात न धरता चढते.