प्रेरणास्थानाला फी विचारू नये

तर मंडळी, 3 डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की कोल्हापुरात आमचा सीझन सुरू होतो. आमचा म्हणजे दिव्यांगांचा, पण नुसत्या नव्हे हां, ‘यशस्वी’ दिव्यांगांचा, नुसत्यांना कोण विचारतंय. तुम्हालाही यंदा असला एखादा धरून सत्कार करायचा असेल, तालीम असो, कॉलेज असो नाहीतर भिशी ग्रुप असो, तर जरा ऐका. मी गेली 12 वर्षं सत्कार करून घेतोय, थोडाफार अनुभव गोळा झालाय.

माणूस काम काय करतो याची चौकशी अजिबात करू नका. माझंच बघा, मी टॅक्सचं काम करतो, जीएसटी, इन्कम टॅक्स, राजारामपुरीत ऑफिस, एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि काखेत दोन कुबड्या. यातलं कॅलिपर आणि कुबड्या तेवढं लिहून घ्या, बाकीचं निवेदकाला लागत नाही. मागच्या वर्षी एकाने माझ्या आईच्या अश्रूंवर पाच मिनिटं भाषण केलं (आई पहिल्याच रांगेत होती, घरी आल्यावर म्हणते, मी कवा रडले रे?) आणि शेवटी मी बँकेत आहे असं सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. बँकेत असतो तर बरं झालं असतं, पगार तरी एक तारखेला आला असता.

मग शाल, फेटा, नारळ. दोन्ही हातांत कुबड्या असलेल्या माणसाच्या हातात नारळ द्यायचाच, त्यात बदल नाही. नारळ घ्यायला मी एक कुबडी सोडतो, ती जाते घसरत, ती उचलायला तिघं एकदम वाकतात आणि एकमेकांना धडकतात, तोवर फेटा माझ्या डोळ्यांवर आलेला असतो, फोटोग्राफर म्हणतो सर इकडं इकडं, आणि नेमका तोच फोटो ‘जिद्दीला सलाम’ म्हणून ग्रुपवर फिरतो. हॉल वरच्या मजल्यावरचाच घ्या. "आम्ही हाय की भावा, खुर्चीसकट उचलतो," म्हणणारी तालमीतली चार पोरं आपल्याकडं कुठंही मिळतात, रॅम्प केला तर ही माया दाखवायची कुठं?

अपंगत्वाचे टक्के मात्र चारचौघांत विचारा. "किती टक्के हाय?" दहावीचे विचारतात ना, तसं. सर्टिफिकेटचा फायदा मिळायला किमान 40 लागतात, 39 वाला नापास, आणि पास झालेल्याकडं शेजारी संशयानं बघतात, "चालतोय की चांगला." 2016 च्या कायद्यानं सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 चं 4 टक्के झालं तर आमच्या बिल्डिंगमधले काका पेढे मागायला आले, आता मजा हाय तुमची म्हणून. माझा धंदा खासगी. तरी दिले पेढे.

भाषणात उदाहरणं पाहिजेतच, आणि त्यात आपला भाग लई श्रीमंत. शेजारच्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर घ्या, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल, 37.33 सेकंद, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. पद्मश्री मिळाली 2018 ला. पोहायला 37 सेकंद आणि फेटा बांधायला 46 वर्षं, पण हे स्टेजवर बोलू नका, मूड जातो लोकांचा. "हातपाय धड असून आपण काय दिवे लावले" हे वाक्य घ्या, खात्रीची टाळी आहे.

आणि आपला स्वरूप उन्हाळकर. टोकियो पॅरालिम्पिक, 10 मीटर एअर रायफल, फायनलमध्ये 203.9, चौथा नंबर. आपल्या नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत जिंकत होत्या तेव्हा मिरजकर तिकटीला चहा पिता पिता लोक श्वास कवा धरायचा, ट्रिगर कसा ओढायचा यावर तासतास बोलायचे, ज्यांनी जत्रेतल्या फुग्यापलीकडं कशावर बंदूक धरली नव्हती तेसुद्धा. स्वरूपच्या वेळी काय ऐकलं मी? "बिचाऱ्याचं थोडक्यात गेलं." अहो 10 मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, तोही कोपर कशाला न टेकवता, आणि बिचारा! पण तुम्ही आपलं बिचाराच म्हणा. नेमाबद्दल विचारलं की तो नेमबाज होतो, आणि नेमबाजाचं आपण करायचं काय, आपल्याला प्रेरणा पाहिजे.

नसीमादीदी हुरजूक यांची व्हीलचेअर सगळ्यांना माहीत, 1984 ला उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्थापण माहीत. पण त्या सेंट्रल एक्साइजमध्ये, म्हणजे केंद्राच्या कर खात्यात, नोकरीला होत्या हे कुणी सांगतंय का? म्हणजे आमच्याच लाईनच्या की! मला त्यांचं हेच लई आवडतं. तुम्ही मात्र खुर्चीपासून सुरू करून खुर्चीवरच थांबा, आणि उद्या कुणी कुबड्या घेऊन तुमच्या दुकानात अकाउंटंटची जागा मागायला आलाच तर "दीदींच्या संस्थेत विचार की" हे उत्तर तोंडात तयार ठेवा.

आता राहिला फीचा विषय. प्रेरणास्थानाला फी विचारू नये आणि विचारलीच तर देऊ नये. मार्केट यार्डातले एक गूळवाले आहेत, माझ्या दोन सत्कारांना अध्यक्ष होते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के जीएसटी आला, म्हणजे 30 किलोचा रवा (गुळाची ढेप) सुटला आणि 1 किलोचं पाकीट सापडलं. गूळ तोच, काहिल तीच, आणि यांची बिलं सगळी एकाच पिशवीत, ती पिशवी माझ्याकडं येणार 19 तारखेला रात्री आठला, रिटर्नची मुदत 20. रवा वेगळा, पाकीट वेगळं, रात्रभर बसून काढलं सगळं. बिल पाठवलं तर फोन आला, "सर, तुम्ही आमचं प्रेरणास्थान, आपल्यात कसला पैसा?" त्यांच्या भावाचं काम दुसऱ्या एका सीएकडं आहे, दोन्ही पाय धड, प्रेरणा शून्य, त्याला ॲडव्हान्स जातो.

दिवाळीला मात्र न विसरता गुळाची दहा पाकिटं पाठवली त्यांनी, 1 किलोची, लेबलवाली. आता फुकट वाटलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) रिव्हर्स करावं लागतं, ते त्यांना सांगायचं राहिलंय. सांगितलं तर म्हणतील, सर, तेवढं तुम्हीच बघून टाका की.