भिंतीवरच्या फोटोखालची ओळ

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा बंगळूरच्या इस्रो केंद्रात ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या स्त्रिया आनंद साजरा करीत असल्याचा एक फोटो जगभर गाजला. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथे सातवीच्या वर्गात तो फोटो मी स्वतः रंगीत छापून आणून लावला होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘मंगळयानाच्या महिला शास्त्रज्ञ’ असे लिहिले होते. पुढे कधीतरी वाचनात आले की, त्या स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी असल्याचे इस्रोनेच नंतर स्पष्ट केले होते; मोहिमेवर काम करणाऱ्या महिला शास्त्रज्ञही बऱ्याच होत्या, हेही त्याच वेळी सांगितले होते. इतकी वर्षे मी मुलींना चुकीची ओळ वाचायला लावली, याची लाज वाटली. पण विचार केल्यावर लक्षात आले की, त्या फोटोतल्या बायका नेमके काय करतात हा प्रश्न ना मुलींनी कधी विचारला, ना मला कधी पडला. आम्हा सगळ्यांना त्यांचा आनंद तेवढा दिसत होता.

आमच्या भागाला अंतराळाचे अप्रूप नाही असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री आकाशातून जळते तुकडे जाताना अर्ध्या विदर्भाने पाहिले आणि आमच्याच तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. चीनच्या एका रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. त्यानंतर कित्येक दिवस मुली मला एकच विचारत होत्या, ‘मॅडम, हे बनवते कोण?’ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण शाळांमधून काय देतो, याविषयी मला आज लिहायचे आहे.

आपण देतो ती यादी. राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या, महिला दिनाच्या किंवा बालिका दिनाच्या निमित्ताने एक लिंक येते. शेकडो शाळा एकाच वेळी जोडल्या जातात, सगळ्यांचे माइक बंद असतात, पडद्यावर कल्पना चावला, सुनीता विल्यम्स, टेसी थॉमस यांची छायाचित्रे एकामागून एक सरकतात, शेवटी सर्वांना प्रमाणपत्र मिळते आणि मुख्याध्यापकांना उपक्रमाचे फोटो सायंकाळपर्यंत पाठवावे लागतात. गेल्या वर्षी असे एक सत्र संपल्यावर मी मुलींना विचारले, टेसी थॉमस यांनी काय केले? ‘अग्निकन्या आहेत’ हे उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिले. अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या त्या प्रकल्प संचालक होत्या, हे एकीलाही सांगता आले नाही. आणि प्रकल्प संचालक दिवसभर काय करतो, हे तर मलाही धड सांगता आले नसते.

म्हणून या वर्षी आम्ही पद्धत बदलली. तीस किलोमीटरवरच्या एका शाळेतील विज्ञान शिक्षिकेशी ठरवून दोन्ही वर्ग ऑनलाइन जोडले आणि एक खेळ केला. आमच्या वर्गातील एका मुलीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. ती झाली यान. बाके वेडीवाकडी मांडून तिला खिडकीतल्या बादलीपर्यंत पोहोचायचे होते आणि तिने कसे चालावे याच्या सूचना पलीकडच्या शाळेतील मुलींनी लिहून पाठवायच्या होत्या. अट एकच होती: आलेली सूचना आमच्या वर्गात मी बारा मिनिटांनंतरच वाचून दाखवायची, कारण मंगळयान मंगळाजवळ पोहोचले तेव्हा पृथ्वीवरून निघालेल्या संदेशाला तिथे जायला साधारण बारा मिनिटे लागत होती. चाळीस मिनिटांच्या तासिकेत तीनच संदेश झाले. पहिल्यात ‘चार पावले सरळ जा’ असे होते. मुलीची पावले लहान निघाली, दुसरा संदेश आला तेव्हा ती भलत्याच जागी होती आणि तिसऱ्या संदेशाने तिला थेट माझ्या टेबलावर आणून आदळले. दोन्हीकडे हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मुलींनी सगळ्या सूचना आधीच एका कागदावर लिहून पाठवल्या आणि त्यात स्वतःहून भर घातली: ‘हाताला बाक लागले तर थांब. उजवीकडे एक पाऊल सरक. तिथेही लागले तर मागे ये.’ यान बादलीपर्यंत पोहोचले. मग मी सांगितले की, मंगळयानाला वाटेत अडचण आली तर पृथ्वीला न विचारता त्याचे त्यानेच काय करावे, ही व्यवस्था आखण्याचे काम लखनऊमध्ये वाढलेल्या रितू करिधाल यांच्याकडे होते आणि पुढे २०१९ च्या चांद्रयान-२ च्या त्या मोहीम संचालक होत्या. हे नाव आता मुली विसरत नाहीत, कारण ‘तर थांब’ ही ओळ त्यांनी स्वतः लिहिलेली आहे.

दुसरे सत्र नागपुरात उपग्रह-प्रतिमांवर काम करणाऱ्या एका तरुण अभियंता ताईंचे झाले. (नागपुरात इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे आणि राज्य शासनाचेही एक केंद्र आहे, हे आमच्या अनेक पालकांना आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. अंतराळाचे काम म्हणजे श्रीहरिकोटा, एवढेच आमच्या डोक्यात.) त्यांना मी एकच विनंती केली होती की, स्वतःचा जीवनप्रवास सांगू नका, तुमच्या पडद्यावर रोज जे असते ते दाखवा. त्यांनी आमच्या परिसराची ऑक्टोबरमधील प्रतिमा उघडली. आधी कोणालाच काही उमगेना. मग एकीने गावाचा मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) त्याच्या पाळीच्या वळणावरून ओळखला, दुसरीला तिच्या वडिलांची बोडी, म्हणजे शेतातले लहान तळे, सापडली आणि वर्गात एकच गलका झाला. ‘पण मॅडम, आमच्या बांधीतला (भातखाचरातला) धान लाल काहून दिसते?’ हिरवे, निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो आणि आपल्याला दिसावा म्हणून त्याला लाल रंग दिला जातो. लाली फिकी पडली की पिकाचे काहीतरी बिनसले आहे असा अंदाज बांधता येतो. मावा-तुडतुड्याने करपलेली बांधी दुरून ओळखणाऱ्या मुलींना हे समजायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र विज्ञानाचा नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘तुम्ही घरी किती वाजता येता जी? घरचे जाऊ देतात का?’ ताईंनी वेळ सांगितली, वसतिगृहात काढलेली वर्षे सांगितली, अकरावीत विज्ञान घेताना घरात झालेला वादही सांगितला. माइक बंद असलेल्या सत्रात हा प्रश्न विचारलाच गेला नसता.

काही सहकारी म्हणतात, मुलींना भागाकार येत नाही आणि तुम्ही रॉकेट कसले दाखवता? त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण पाऊल किती सेंटिमीटरचे, वर्ग किती मीटरचा, मग किती पावले, हा भागाकार त्या खेळात मुलींनी न सांगता केला. अडचण खरी आहे ती निराळीच. फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो, रिचार्ज संपलेला असतो, आणि आठवीनंतर मुलगी मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी निळ्या बसने पुढच्या शाळेत जाणार की नाही, हे रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ठरते. त्यामुळे ऑनलाइन उपक्रम म्हणजे ‘घरी लिंक उघडा’ असे आमच्याकडे चालणार नाही. तो शाळेच्या एका पडद्यावर, सगळ्यांनी मिळून आणि शाळेच्याच वेळेत व्हायला हवा.

अपयशही दाखवावे, असे मला आग्रहाने वाटते. देशभरातील ७५ ग्रामीण सरकारी शाळांतील ७५० मुलींनी मिळून घडवलेला आझादीसॅट हा छोटा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ रोजी निघाला, परंतु एसएसएलव्ही या नव्या रॉकेटने त्याला ठरलेल्या वर्तुळाकार कक्षेऐवजी पृथ्वीच्या फार जवळून जाणाऱ्या लंबगोल कक्षेत सोडले आणि तो हातचा गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी आझादीसॅट-२ व्यवस्थित कक्षेत पोहोचला. या दोन तारखांच्या मधले सहा महिने मुलींना दहा यशोगाथांहून अधिक शिकवतात.

आणि वाटा सांगताना फक्त शास्त्रज्ञ आणि अंतराळवीर सांगू नयेत. इस्रोच्या केंद्रांमध्ये आयटीआय झालेले तंत्रज्ञही लागतात. विमान देखभालीचे शिक्षण बारावी विज्ञाननंतर घेता येते आणि नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात विमानांच्या दुरुस्तीचे हँगर उभे आहेत. विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रक व्हायला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली बीएस्सीही चालते. भारतातील वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत आणि हे प्रमाण जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त आहे. वैमानिक होण्याचा खर्च मात्र आमच्या पालकांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. नववीतील मुलांसाठी इस्रोचा युविका हा निवासी कार्यक्रम असतो आणि त्याच्या निवडीत ग्रामीण शाळांना जादा गुण मिळतात. आमची शाळा आठवीपर्यंतच असल्याने ही माहिती मी पुढच्या शाळेच्या शिक्षकांना कागदावर लिहून दिली आहे.

फोटो अजून भिंतीवर आहे. खालची ओळ मुलींनीच बदलली: ‘इस्रोच्या कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रिया. यांच्यामुळे पगार, पत्रे आणि सामान वेळेवर पोहोचते.’

हँगरमध्ये प्रत्यक्ष पाना हातात घेऊन काम करणारी एखादी ताई ही पोस्ट वाचत असेल, तर तिने कृपया संदेश करावा. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, चाळीस मिनिटे पुरेत, स्लाइड नकोत. मुलींनी प्रश्न आधीच वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यातला पहिला आहे, ‘विमानाचा नट हाताने पिळता येते का?’