‘मिळेल त्या गाडीत घाला आणि पळवा’ : जीव घेणारा सल्ला

भूकंप झाला की एक संदेश हमखास फिरतो : ‘वर्गवारी करत बसू नका. जास्त ओरडतोय त्याला आधी काढा, मिळेल त्या गाडीत घाला, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला पळवा.’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण यातलं एकेक वाक्य माणसं मारू शकतं.

‘ओरडतोय त्याला आधी.’ ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. जास्त धोका शेजारी गप्प पडलेल्याला. म्हणून वर्गवारी, म्हणजे कुणाला आधी उपचार हवा ते रंगाने ठरवणं : लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत किंवा वाचण्यापलीकडचा. आधी हाक द्यायची, ‘चालता येतंय त्यांनी इकडे या’, ते हिरवे. उरलेल्यांना माणशी मिनिटभरही लागत नाही. श्वास नसेल तर हनुवटी उचला. सुरू झाला तर लाल, नाहीच झाला तर काळा. श्वास मिनिटाला 30 च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा सांगूनही हात दाबत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. बाकीचे पिवळे. वाहतं रक्त तेवढं तिथेच थांबवायचं. पुन्हा फेरी मारायचीच, कारण पिवळ्याचा लाल होतो.

‘आधी काढा.’ मांडी स्लॅबखाली तासाभराहून जास्त दबलेला माणूस बोलत असतो, पाणी मागतो. स्लॅब उचलला की चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदय थांबू शकतं; वाचला तर मूत्रपिंडं बसतात. म्हणून प्रशिक्षित माणूस हजर असेल तर मोकळ्या हातात शीर शोधून सलाइन आधी सुरू करायचं, प्रौढाला तासाला साधारण 1 लिटर. रिंगर लॅक्टेट हे शिरेतून द्यायचं दुसरं द्रावण नको, त्यात पोटॅशियम असतं. आग लागली किंवा ढिगारा सरकू लागला तर मात्र थांबायचं नाही.

‘जवळचं मोठं हॉस्पिटल.’ चालू शकणारे तिथे आपणहून आधी पोचतात आणि पहिला लाल रुग्ण येईपर्यंत दारातच गर्दी झालेली असते. शिवाय ते उभं असेलच असं नाही. 2001 मध्ये भूजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं होतं. म्हणून वाहतुकीचा निर्णय एकाच माणसाकडे हवा. कुठे ऑपरेशन थिएटर, व्हेंटिलेटर, डायलिसिस मोकळं आहे ते विचारून त्याने लाल रुग्ण वाटून द्यायचे. वहीत रुग्णाला बांधलेल्या टॅगचा क्रमांक, रंग, गाडी, ठिकाण, निघाल्याची वेळ. नातेवाइकांना माणूस सापडतो तो याच वहीतून.

‘मिळेल ती गाडी.’ हिरव्यांना बस चालते, सोबत एक आरोग्यसेवक हवा. बेशुद्ध माणूस मागच्या सीटवर दुमडला की मान वाकून श्वासमार्ग बंद होतो. आणि रुग्णवाहिकेच्या चालकाने चावीसकट गाडीतच बसायचं. तो मदतीला उतरला की मागच्या सगळ्या गाड्या अडकतात.