क्लो द वूजो सहलीला दोन स्टार: आमचं उत्तर

नमस्कार. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या क्लो द वूजो या जुन्या द्राक्षमळ्याच्या आमच्या सहलीला तुम्ही दोनच स्टार दिलेत. तिथल्या वाड्यात वाइन चाखायला मिळाली नाही, ‘साधूंचा मठ’ दिसलाच नाही, दुकानातली महागडी बाटली तुरट निघाली, तळाशी काचेसारखे कण होते आणि गाइडनं तिसरी बाटली घेऊ दिली नाही, अशा तुमच्या तक्रारी आहेत.

पहिल्या दोन्ही आमच्या चुका. पत्रिकेत ‘मठातल्या वाइनरीला भेट’ असं छापलं होतं. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ सीतो या गावी, वूजोपासून दहा-बारा किलोमीटरवर. वूजोला त्यांचा मळा आणि द्राक्षं पिळायची जागा होती. तिथले चार अवाढव्य लाकडी प्रेस तुम्ही पाहिलेत. आज त्या वाड्यात वाइन बनत नाही. मजकूर बदललाय, आणि यापुढे चाखण्यासाठी जवळच्या एखाद्या उत्पादकाची वेळ आधीच घेऊ.

बाटलीचं मात्र वेगळं आहे. ‘क्लो’ म्हणजे भिंतीनं बंदिस्त मळा. हा साधारण ५० हेक्टरचा. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या मालकीचा हा मळा सरकारनं जप्त केला, पुढे तुकडे पडत गेले आणि आज त्याचे ८० च्या आसपास मालक आहेत. वाड्यालगतच्या चढावर चुनखडीवरची पातळ माती, पाणी लगेच निचरतं. खाली हमरस्त्याकडे जड चिकणमाती, पावसात पाणी धरून ठेवते. दोन्हीकडच्या बाटलीवर ‘ग्रां क्रू’च, म्हणजे मळ्याचा सर्वोच्च दर्जा! त्यामुळे मळ्याच्या नावाखाली उत्पादकाचं नाव कुणाचं, ते बघूनच पैसे मोजावेत.

तुरटपणाचं कारण बहुधा तुमच्याच मजकुरात आहे: ‘रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून लगेच उघडली’. गार रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक, जिभेला जास्त बोचतं आणि वास दबतो. ते कणही काच नव्हेत. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे ते खडे, थंडीत तळाशी बसतात. निरुपद्रवी असतात, फक्त दाताखाली कचकचतात.

तिसऱ्या बाटलीबद्दल गाइडचं बरोबर होतं. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलीच्या दोन म्हणजे दीड लिटर, तिसरीनं सव्वादोन होतात.

दुसरी बाटली अजून शिल्लक असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात रात्रभर नव्हे, थोडा वेळच फ्रीजमध्ये ठेवा. १५-१६ अंशांना उघडा. हळूहळू ओता आणि तळाचा दोन बोटं भाग बाटलीतच राहू द्या.