'टुनाइट्स द नाइट' बेसूर का आहे?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की रॉक गायक नील यंगचा हा अल्बम म्हणजे तालमीची टेप आहे, 'हार्वेस्ट'सारखा गोड अल्बम करणाऱ्या माणसाने ती विकायला काढणं ही श्रोत्यांची फसवणूक आहे, आणि त्याला दुःख झालं होतं म्हणून मी बेसूर गाण्याला सूट देतोय. हा शेवटचा आरोप गंभीर आहे.

यातल्या 'मेलो माय माइंड' या गाण्यात वर चढताना त्याचा आवाज चक्क फाटतो. सूर लागलेला नाही, यात वादच नाही. पण तो राहून गेला की राहू दिला?

नोव्हेंबर १९७२ मध्ये यंगचा साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटन दौऱ्याच्या तालमींना आला, पण व्यसनामुळे त्याला वाजवताच येईना. यंगने त्याला घरी पाठवलं आणि त्याच रात्री तो वारला. पुढच्या जूनमध्ये ब्रूस बेरी हेरॉइनने गेला. बेरी वाद्यं-सामान वाहणारा, बँडबरोबर फिरणारा पोरगा. या अल्बमचं ऑगस्ट १९७३ मधलं ध्वनिमुद्रण झालं ते हॉलिवूडमध्ये, बेरीच्याच भावाच्या जागेत. शीर्षकगीतात बेरी नावानिशी येतो: रात्री सगळे पांगल्यावर तो यंगची गिटार उचलायचा आणि थरथरत्या, पण खऱ्या आवाजात गायचा. त्या आवाजाची आठवण घोटीव, तयारीच्या गळ्याने गायली असती तर मला ती खोटी वाटली असती.

आणि निष्काळजीपणा म्हणाल, तर ही टेप जवळजवळ दोन वर्षं पडून होती. १९७५ मध्ये यंगकडे 'होमग्रोन' हा दुसरा अल्बम तयार होता, 'हार्वेस्ट'च्या चाहत्यांना लगेच आवडला असता असा. तो त्याने बाजूला ठेवला (थेट २०२० मध्ये आला) आणि हा काढला. हातात गोड माल असताना कडू निवडणाऱ्याला फसवणारा कसं म्हणायचं?

सगळंच थोर आहे असं नाही. 'लुकआउट जो' वेगळ्या बँडबरोबरचं, आधीचं गाणं आहे आणि ते इथे उपरं वाटतं.

पण पाचवं गाणं ऐकाच. १९७० च्या, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, गातोय व्हिटन, भरल्या गळ्याने, आणि विषय ड्रग्ज विकत घ्यायला जाण्याचा. त्याला लागूनच येतं 'मेलो माय माइंड'. तुम्ही गाणी सुटी ऐकली असावीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. ही दोन एकदा सलग ऐका, आणि तरीही मत तेच राहिलं तर जरूर लिहा.